‘द स्क्वॉ मॅन’ आणि रेड विंग

लॉस एंजेलिस शहरात हॉलीवूड बोल या विख्यात खुल्या प्रेक्षागृहासमोर, हायलंड ॲव्हेन्यूच्या कडेला, लाकडी फळ्यांची एक जुनी, बेताच्या आकाराची इमारत उभी आहे. मुळात ती सेल्मा आणि व्हाइन या रस्त्यांच्या नाक्यावर जेकब स्टर्न नावाच्या जमीनदाराच्या बागेतील कोठी होती. तिच्या एका अंगाला मालकाचे घोडे व घोडागाडी राहत, आणि उरलेली जागा चित्रपट काढणाऱ्या मंडळींना भाड्याने दिलेली असे. १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कहून आलेल्या एका नवख्या कंपनीने तेथे बिऱ्हाड थाटले, २९ डिसेंबर रोजी ‘द स्क्वॉ मॅन’ या सहा रिळांच्या मूकपटाच्या चित्रीकरणास आरंभ केला, आणि त्या एका घटनेच्या पुण्याईवर ही कोठी पुढे अनेकदा जागा बदलूनही मोडीत न जाता आज संग्रहालय म्हणून जतन झाली आहे. १९५६ साली कॅलिफोर्निया राज्याने तिची नोंद आपल्या ऐतिहासिक वास्तूंच्या दप्तरी केली. हॉलीवूडच्या बखरकारांनी या कोठीवर जितके प्रेम केले तितके त्या मूकपटातील मुख्य स्त्रीपात्रावर आणि ते पात्र रंगवणाऱ्या नटीवर केले असते, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. भाड्याची कोठी, न्यूयॉर्कला गेलेली तार, बिघडलेली फीत आणि झालेला नफा ही या चित्रपटाची नेहमी सांगितली जाणारी प्रकरणे सांगण्याजोगी आहेतच, आणि मीही ती सांगणार आहे. परंतु ती सांगून झाल्यावर जे उरते तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते.

चित्रपटाचे मूळ एका नाटकात आहे. एडविन मिल्टन रॉयल या नाटककाराचे याच नावाचे नाटक २३ ऑक्टोबर १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या वॉलॅक्स थिएटरात रंगभूमीवर आले आणि त्याचे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. नायकाचे काम विल्यम फॅव्हरशॅम याने केले होते, आणि खलनायक कॅश हॉकिन्सच्या भूमिकेत विल्यम एस. हार्ट होता, जो पुढे दहा वर्षांनी मूक वेस्टर्न चित्रपटांचा सर्वांत गंभीर आणि सर्वांत आदरणीय नायक ठरावयाचा होता. मूळनिवासी स्त्रीशी संसार मांडणाऱ्या गोऱ्या पुरुषास पश्चिमेकडील वसाहतींत ज्या हिणकस शब्दांनी संबोधीत, तेच नाटकाचे नाव होते. नाटक लोकप्रिय होते, लंडनमध्येही गेले होते, आणि म्हणूनच नव्या कंपनीने आपल्या पहिल्याच साहसासाठी त्याचे हक्क विकत घेतले. नाव प्रेक्षकांच्या ओळखीचे असले म्हणजे जाहिरातीचा अर्धा खर्च वाचतो, हा हिशेब तेव्हाही तितकाच खरा होता.

कंपनीचे भागीदार मोठे विलक्षण होते. जेसी लॅस्की हा व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या करमणुकीच्या खेळांचा चालक. त्याचा मेहुणा सॅम्युएल गोल्डफिश हा वॉर्सात जन्मलेला, हातमोजे विकून नावारूपास आलेला विक्रेता, जो पुढे गोल्डविन या नावाने जगप्रसिद्ध झाला. आणि तिसरा सेसिल बी. डिमिल, वय वर्षे बत्तीस, नाटककाराचा मुलगा, नाटककाराचा भाऊ, स्वतः मात्र रंगभूमीवर फारसे यश न मिळालेला. डिमिलचा थोरला भाऊ विल्यम हा त्या काळी नाणावलेला नाटककार होता. त्याने या धंद्यात पैसे गुंतवण्यास साफ नकार दिला, आणि धाकट्याला परत आणण्याच्या आगगाडीच्या भाड्यासाठी आपल्याजवळ काही शिल्लक राहिलेली बरी, असे कारण सांगितले, अशी आख्यायिका त्या घराण्यात चालत आली. डिमिलचे चित्रपटविषयक शिक्षण म्हणजे एडिसनच्या स्टुडिओत बसून केलेले एका दिवसाचे निरीक्षण, एवढेच होते. म्हणून ऑस्कर ॲपफेल या अनुभवी दिग्दर्शकाला बरोबर घेण्यात आले, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचीही नावे आहेत. परंतु डिमिल पुढे पर्वताएवढा मोठा झाल्यामुळे ॲपफेलचे नाव त्याच्या छायेत झाकले गेले, ही या चित्रपटाच्या इतिहासातील पहिली विस्मृती होय. कॅमेरा आल्फ्रेड गँडॉल्फीने चालवला.

त्या वेळच्या अमेरिकेत एक किंवा दोन रिळांचे, दहा ते पंचवीस मिनिटांचे चित्रपट काढण्याची वहिवाट होती. एडिसन आणि बायोग्राफ यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये स्थापन झालेल्या पेटंट कंपनीने कॅमेऱ्यापासून प्रक्षेपकापर्यंत सर्व यंत्रांवर आपला इजारा बसवला होता, आणि तिच्या परवानगीवाचून चित्रपट काढणाऱ्यांमागे वकील, प्रसंगी गुंडही, लावले जात. लांब चित्रपट चालणार नाही, प्रेक्षक कंटाळेल, असे या मक्तेदारांचे ठाम मत होते. परंतु १९१२ मध्ये अडॉल्फ झुकोरने सारा बर्नहार्टचा ‘क्वीन एलिझाबेथ’ अमेरिकेत आणला आणि १९१३ मध्ये ‘क्वो वादिस’ हा प्रचंड इटालियन पट न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात नाटकाच्या दराने दाखवला गेला, तेव्हा त्या मताला तडा गेला. लॅस्कीच्या कंपनीचे संपूर्ण नाव ‘जेसी एल. लॅस्की फीचर प्ले कंपनी’ असे होते. लांबीचा आणि नाटकाचा, दोन्ही अर्थांचा दावा त्या नावातच केलेला होता.

नायकाच्या भूमिकेसाठी डस्टिन फार्नम या रंगभूमीवरील देखण्या नटाला घेतले. त्याला वेतनाऐवजी कंपनीच्या भागांचा मोठा वाटा देऊ केला होता, पण आगगाडी पश्चिमेला निघायची वेळ आली तेव्हा त्याने भाग नाकारून आठवड्याला अडीचशे डॉलर रोख मागितले, असे सांगतात. ते भाग पुढे लाखमोलाचे झाले. मंडळी ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे उतरली. तेथील भूप्रदेश आणि हवा वायोमिंगच्या कथेला सोयीची नाही असे पाहून डिमिलने पुन्हा गाडी पकडली आणि तो थेट लॉस एंजेलिसला गेला. तेथून त्याने न्यूयॉर्कला जी तार केली ती अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात अजरामर झाली आहे: फ्लॅगस्टाफ उपयोगाचे नाही, कॅलिफोर्नियास आलो आहे, हॉलीवूड नावाच्या ठिकाणी दरमहा पंचाहत्तर डॉलर भाड्याने एक कोठी घेण्याची मुखत्यारी द्यावी, असा तिचा आशय होता. उत्तर आले की कोठी घ्यावी, परंतु महिन्याच्या मुदतीवर, दीर्घ करार करू नये. ‘हॉलीवूड नावाच्या ठिकाणी’ या शब्दांमुळे पुढे असा समज रूढ झाला की तेथील पहिला चित्रपट हाच. वस्तुस्थिती तशी नाही. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९१० मध्येच तेथे एका रिळाचा पट चित्रित केला होता आणि १९११ पासून नेस्टर कंपनीचा स्टुडिओ सनसेट बुलेव्हार्डवर सुरू होता. खुद्द ही कोठीसुद्धा डिमिलच्या आधीच दुसऱ्या चित्रपटवाल्यांच्या ताब्यात होती. हॉलीवूडात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, एवढाच मान ‘द स्क्वॉ मॅन’ला सामान्यतः दिला जातो, आणि तो पुरेसा आहे.

चित्रीकरणाचे दिवस खडतर होते. स्टर्नने आपली गाडी धुतली की पाणी वाहत डिमिलच्या कचेरीत येई. जहाजाची दृश्ये सॅन पेड्रो बंदरात घेतली गेली, बर्फाची दृश्ये डोंगरात. कोणीतरी प्रयोगशाळेत शिरून निगेटिव्हची गुंडाळी उलगडून जमिनीवर घासून ठेवली होती, आणि घरी परतताना आपल्यावर गोळ्याही झाडल्या गेल्या, असे डिमिलने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. सुदैवाने त्याने प्रत्येक दृश्याची दुसरी निगेटिव्ह काढून ती स्वतःच्या घरी नेण्याची तजवीज आधीच केली होती. हे कृत्य पेटंट कंपनीच्या हस्तकांचे होते अशी त्या वेळी वदंता होती, पण ते कोणावर शाबित झाले नाही.

खरे संकट मात्र शत्रूने आणलेले नव्हते. जानेवारीअखेर कोठीत नातलग व मित्र जमवून तयार चित्रपट पडद्यावर टाकला, तेव्हा चित्र स्थिर राहीना. माणसे पडद्यावरून खाली सरकत, डोकी एका चौकटीत आणि पाय दुसऱ्या चौकटीत दिसत. कंपनीने पैसे वाचवण्यासाठी कडेला भोके न पाडलेली कोरी फीत घेतली होती आणि जुने ब्रिटिश यंत्र वापरून भोके स्वतः पाडली होती. प्रचलित प्रमाण फुटाला चौसष्ट भोकांचे असताना त्या यंत्राने पासष्ट पाडली, असे या बिघाडाचे कारण नोंदले गेले आहे. गोल्डफिशने तोपर्यंत निरनिराळ्या राज्यांतील प्रदर्शनाचे हक्क प्रांतवार मक्त्याने विकून आगाऊ रकमा घेतल्या होत्या, त्यामुळे चित्रपट दाखवता आला नाही तर दिवाळेच नव्हे, तर तुरुंगही समोर दिसत होता. अखेर मंडळी फिलाडेल्फियास सिग्मंड ल्यूबिनकडे गेली. ल्यूबिन हा पेटंट कंपनीचाच एक सभासद, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने विरुद्ध पक्षाचा. तरीही त्याने फीत तपासली, दोष ओळखला, निगेटिव्हच्या कडेवर नवी पातळ पट्टी चिकटवून तिच्यात बरोबर भोके पाडून दिली, आणि चित्रपट वाचवला. प्रतिस्पर्ध्याच्या कारागिराने केलेल्या या उपकाराची नोंद इतिहासाने ठळक अक्षरांत करावी असे मला वाटते.

मराठी वाचकाला येथे दादासाहेब फाळक्यांची आठवण न होणे अशक्य आहे. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणि भोके पाडण्याचे यंत्र घेऊन ते परतले, आणि दादरच्या घरात कोऱ्या फितीला काळोखात भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळक्यांनी केले. म्हणजे ज्या कामात न्यूयॉर्कच्या भांडवलाचे हात चुकले तेच काम, त्याच्या वर्षभर आधी, मुंबईतील एका गृहिणीने घरकाम व मुलेबाळे सांभाळून बिनचूक पार पाडले, आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर स्थिर उभा राहिला. दुसरे साम्य याहून मोलाचे आहे. ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली, कारण स्त्री मिळाली नाही, परंतु फाळक्यांच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या पटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. कॅलिफोर्नियात मूळनिवासी नायिकेच्या भूमिकेसाठी खरीखुरी मूळनिवासी स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तो काळही हाच, १९१३ चे अखेरचे आणि १९१४ चे पहिले महिने.

फेब्रुवारी १९१४ मध्ये चित्रपट प्रसिद्ध झाला आणि तत्काळ यशस्वी ठरला. ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ या धंद्याच्या प्रमुख नियतकालिकाने, रंगभूमीवरील नाटकाचे पडद्यावर झालेले एक सर्वोत्तम रूपांतर, अशा आशयाने त्याची स्तुती केली. सुमारे पंधरा हजार डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जवळजवळ अडीच लाखांची मिळकत केली. त्याच वर्षी कंपनीने पॅरामाउंट या वितरणसंस्थेशी करार केला, १९१६ मध्ये तिचे झुकोरच्या कंपनीत विलीनीकरण झाले, आणि त्यातून पुढे पॅरामाउंट हा विशाल स्टुडिओ उभा राहिला. प्रेक्षकांनी ज्या गोष्टी वाखाणल्या त्यांत खुल्या निसर्गातील दृश्यांचा वाटा मोठा होता. रंगभूमीवर जे डोंगर रंगवलेल्या पडद्यावर असत ते येथे खरे होते, खरे घोडे होते, खरे बर्फ होते. आज तो पट पाहताना कॅमेरा बहुधा एका जागी खिळलेला दिसतो, पात्रे आडव्या रांगेत उभी राहतात, आणि अनेक प्रसंग नाटकासारखेच चालतात. तरीही बंदिस्त खोलीतून एकदम माळावर येणाऱ्या दृश्यांत जो मोकळेपणा आहे तो शंभराहून अधिक वर्षांनंतरही जाणवतो.

आता कथेकडे वळू. जेम्स विनिगेट हा इंग्रज लष्करी अधिकारी आणि त्याचा चुलतभाऊ हेन्री, कर्हिलचा अर्ल, हे दोघे पलटणीच्या अनाथ निधीचे विश्वस्त असतात. हेन्री घोड्यांच्या शर्यतीपायी निधीचा अपहार करतो. घराण्याच्या अब्रूसाठी, आणि हेन्रीची पत्नी डायना हिच्यावरील मूक प्रेमापोटी, जेम्स आळ स्वतःवर घेऊन देशत्याग करतो आणि जिम कार्स्टन या नावाने वायोमिंगमध्ये गुरांचे रान घेतो. युट जमातीचा प्रमुख तॅबिवाना याची कन्या नॅट-यू-रिच, कॅश हॉकिन्स हा गुंड जिमचा जीव घेणार तोच, हॉकिन्सला गोळी घालते. पुढे बर्फात मरणाच्या दारी पोहोचलेल्या जिमलाही तीच वाचवते. तिच्या हातात तान्ह्या मुलाचे चिमुकले मोकासिन पाहून जिमला ती गरोदर असल्याचे उमजते, तेव्हा तो तिच्याशी रीतसर विवाह करतो, आणि त्यांना मुलगा होतो. काही वर्षांनी हेन्री आल्प्समध्ये अपघाताने मरतो, मरताना गुन्ह्याची कबुली देतो. आता अर्लपदाचा वारस जिम. डायना स्वतः वायोमिंगला येते. मुलाला शिक्षणासाठी आणि वारशासाठी इंग्लंडला पाठवायचे ठरते, शेरीफला जुन्या खुनाचा पुरावा सापडतो, आणि नॅट-यू-रिच स्वतःवर गोळी झाडून घेते. जिमचा मार्ग मोकळा होतो.

या शेवटाला त्या काळच्या प्रेक्षकांनी हुंदके दिले, आणि त्या अश्रूंना मी खोटे म्हणत नाही. परंतु कथेची रचना तपासली तर जिच्या धैर्यावर पहिले सर्व अंक उभे आहेत तिलाच अखेरच्या अंकात निकालात काढल्याशिवाय नाटककाराचा ताळेबंद जुळत नाही, हे लपत नाही. मुलगा हवा, कारण तो वारस आहे. आई नको, कारण ती अर्लच्या वाड्यात शोभणारी नाही. हाच तोडगा डेव्हिड बेलॅस्कोने १९०० साली ‘मॅडम बटरफ्लाय’ या नाटकात काढला होता, ज्यावरून पुच्चिनीने चार वर्षांनी संगीतिका रचली: जपानी स्त्री आत्महत्या करते, मूल गोऱ्या पत्नीच्या हाती जाते. बेलॅस्को हा डिमिलच्या वडिलांचा लेखनातील सहकारी होता. रॉयलचे नाटक आणि डिमिलचा चित्रपट ही दोन्ही या परंपरेत जन्मलेली अपत्ये होत. कायदाही त्या परंपरेच्या बाजूने होता. ॲरिझोना, नेव्हाडा, ऑरेगन यांसारख्या राज्यांत गोरे आणि मूळनिवासी यांचा विवाह अवैध होता. वुंडेड नी येथील मूळनिवाशांच्या कत्तलीला अवघी तेवीस वर्षे झाली होती. आणि अमेरिकेच्या सर्व मूळनिवाशांना त्या देशाचे नागरिकत्व मिळण्यास अजून दहा वर्षे, म्हणजे १९२४ साल, उजाडायचे होते. अशा वेळी पडद्यावर हा विवाह होतो, आणि तो विवाह चित्रपट सन्मानाने दाखवतो, एवढे धैर्य त्याच्या पदरी टाकलेच पाहिजे. दया त्याने भरपूर दिली. जगण्याचा हक्क मात्र दिला नाही.

नॅट-यू-रिचची भूमिका करणारी स्त्री रेड विंग या नावाने ओळखली जाई. तिचे खरे नाव लिलियन सेंट सिर. जन्म १८८४ मध्ये नेब्रास्कातील विनिबेगो राखीव प्रदेशात. तिच्या हो-चंक, म्हणजे विनिबेगो, लोकांना सरकारने विस्कॉन्सिनमधील मूळ भूमीतून एकामागून एक ठिकाणी हुसकावीत अखेर १८६० नंतरच्या दशकात नेब्रास्कात आणून वसवले होते. लिलियन पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथील सरकारी निवासी शाळेत शिकली आणि १९०२ मध्ये उत्तीर्ण झाली. ती शाळा १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने, मुलांचे केस कापून, त्यांची भाषा बंद करून, त्यांच्यातील मूळनिवासीपण पुसून टाकण्याच्या उघड हेतूने काढली होती. जिला तिची भाषा आणि वेष विसरायला लावण्यासाठी सरकारने इतका खर्च केला, तिलाच पुढे चित्रपटवाल्यांनी तोच वेष घालण्याचे वेतन दिले. आणि मूळनिवाशांत राजकन्या अशी पदवी नसताना जाहिरातींतून तिला ‘प्रिन्सेस रेड विंग’ म्हटले गेले. १९०६ मध्ये तिने जेम्स यंग डिअर याच्याशी विवाह केला. १९०९ पासून ती लहान वेस्टर्न पटांत नियमित काम करू लागली, आणि डिमिलने तिला निवडले तेव्हा त्या संपूर्ण संचात कॅमेऱ्यासमोरचा तिच्याइतका अनुभव असलेली माणसे थोडीच होती. नायक फार्नम तर रंगभूमीवरून आलेला होता. तिच्या वडिलांची, तॅबिवानाची, भूमिका मात्र जोसेफ सिंगल्टन या गोऱ्या नटाकडे होती.

तिचा अभिनय आजही टिकला आहे याचे कारण तिचा संयम. भोवतालची मंडळी हात उंचावून, छाती पिटून भावना दाखवीत असताना ती जवळजवळ काहीच करत नाही. पाहते, थांबते, मान किंचित वळवते. काही समीक्षकांनी ही शांतता जमातीच्या स्वभावावर ढकलली. मला ती कारागिरी वाटते. चार-पाच वर्षे कॅमेऱ्यासमोर रोज उभे राहिल्यावर भिंगाला किती दिसते आणि किती दाखवण्याची गरज नाही, हे तिला कळले होते, आणि हे ज्ञान त्या संचात इतरांपाशी अद्याप आलेले नव्हते.

आणि येथे ती गोष्ट सांगितली पाहिजे जी या चित्रपटाच्या नेहमीच्या इतिहासात येत नाही. रेड विंगचा पती जेम्स यंग डिअर स्वतः दिग्दर्शक होता. तोही दीर्घकाळ विनिबेगो समजला जाई. अलीकडच्या संशोधनाने त्याचे कूळ डेलावेअरच्या नॅन्टिकोक लोकांत असल्याचे दाखवले आहे. फ्रान्सच्या पाथे कंपनीसाठी त्याने १९१० मध्ये न्यूजर्सीत ‘व्हाइट फॉन्स डिव्होशन’ नावाचा सुमारे अकरा मिनिटांचा पट काढला. त्याची कथा अशी: मूळनिवासी पत्नी आणि लहान मुलीसह राहणाऱ्या एका वसाहतकाराला दूरच्या वारशाची वार्ता येते, तो आपल्याला सोडून जाणार या धास्तीने पत्नी स्वतःवर सुरा चालवते, पतीनेच तिला मारले असे समजून जमातीचे लोक त्याचा पाठलाग करून त्याला मृत्युदंड देऊ लागतात, इतक्यात ती, जी मेलेली नसते, तेथे येऊन पोहोचते आणि त्याचे प्राण वाचवते. कुटुंब एकत्र राहते. रॉयलचे नाटक तेव्हा सर्वांना ठाऊक होते, आणि गोरा पती, मूळनिवासी पत्नी, मूल, वारशाची वार्ता, आत्मघात हे सर्व दुवे पाहिल्यावर हा पट त्या नाटकाला दिलेले उत्तर आहे याविषयी मला शंका राहत नाही. नाटककाराने जिला मारले तिला यंग डिअरने जगवले. एवढेच नव्हे, तर पतीचे जीवनमरण तिच्या हाती दिले. चार वर्षांनी त्याचीच पत्नी त्याच कथेच्या मूळ रूपात, मूळ शेवटासह, जगापुढे आली, आणि जगाने तोच शेवट स्वीकारला.

मूळनिवाशांना हे सर्व मुकाट्याने मान्य होते असेही नाही. १९११ मध्ये काही जमातींच्या प्रतिनिधींनी वॉशिंग्टनला जाऊन, चित्रपटांत आपले विकृत दर्शन घडवले जाते आणि आपल्या भूमिका गोरे नट करतात, अशी तक्रार सरकारदरबारी रुजू केली होती, आणि धंद्याच्या नियतकालिकांनी ती छापलीही होती. त्या कैफियतीचा निकाल काय लागला ते डिमिलच्याच पुढील दोन चित्रपटांवरून कळते. कारण ही कथा त्याने एकूण तीनदा चित्रित केली: १९१८ मध्ये पुन्हा मूक रूपात, ज्याचे आज केवळ शेवटचे रीळ उरले आहे, आणि १९३१ मध्ये बोलपट म्हणून. पहिल्या वेळी नॅट-यू-रिच विनिबेगो होती. दुसऱ्या वेळी ॲन लिटल ही गोरी नटी होती. तिसऱ्या वेळी लुपे वेलेझ ही मेक्सिकन नटी. बोलपट तोट्यात गेला. मंदीचे दिवस होते, हे एक कारण. परंतु तोवर प्रेक्षकही बदलला होता आणि अर्लपदासाठी स्त्रीचा बळी ही कल्पना त्याला जुनाट वाटू लागली होती, असे मानण्यास जागा आहे.

रेड विंगने १९१४ नंतरही काही वर्षे काम केले. टॉम मिक्सच्या एका पटात ती होती, १९१६ च्या ‘रामोना’तही होती. पण मोठ्या चित्रपटात मध्यवर्ती भूमिका पुन्हा तिच्या वाट्याला आली नाही. नंतर ती न्यूयॉर्कला परतली, मूळनिवासी पद्धतीचे पोशाख शिवून आणि शाळांतून व मंडळांतून आपल्या लोकांविषयी व्याख्याने देऊन तिने चरितार्थ चालवला, आणि १३ मार्च १९७४ रोजी नव्वदाव्या वर्षी तेथेच निवर्तली. डिमिल त्याच्या पंधरा वर्षे आधी गेला होता. त्याच्या चरित्रग्रंथांत आणि कोठीच्या संग्रहालयात त्याला मिळालेल्या स्थानाशी तिची तुलना करण्याचे कारण नाही, इतका तो व्यवहार एकतर्फी आहे. तिचे सविस्तर इंग्रजी चरित्र लिंडा वॅगनर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे चित्रपटाला शंभर वर्षे उलटून गेल्यावर.

‘व्हाइट फॉन्स डिव्होशन’ची गणना २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाली, मूळनिवासी दिग्दर्शकाने काढलेला तो सर्वांत जुना उपलब्ध पट मानला जातो. ‘द स्क्वॉ मॅन’चीही प्रत टिकून आहे. मूकपटांची आवड असलेल्या वाचकाने हे दोन्ही पट एका बैठकीत पाहावेत अशी माझी विनंती आहे: आधी यंग डिअरचा अकरा मिनिटांचा, आणि मग डिमिल व ॲपफेल यांचा सहा रिळांचा. आपल्याकडे हॉलीवूडच्या आरंभाविषयी जे कोणी लिहितील त्यांनी कोठी, तार आणि पासष्ट भोके यांच्या आधी रेड विंगचे नाव लिहावे.